गेरूचं दार

वृद्धाश्रमात पाहुणा आला की बाई आधी त्याच्या हातात चादरीचं एक टोक द्यायच्या. हार, नारळ, शाल हे सगळं नंतर. पाहुणा नगरसेवक असो, कारखान्याचा मॅनेजर असो, नाहीतर लेकीच्या पहिल्या वाढदिवसाला केळी घेऊन आलेला साधा माणूस असो, टोक कुणालाच चुकायचं नाही. "आधी उचला, मग वाटा," असं म्हणायच्या. पाहुणा गोंधळून इकडेतिकडे बघायला लागला की पलंगावरच्या आजीला सांगायच्या, "आजी, घाबरू नको गं. पावणे नवीन हायत, पन हात मजबूत दिसतात."

मी तेव्हा कॅमेरा घेऊन समोर उभा असायचो. खोपोलीत माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, पासपोर्ट साइज आणि वाढदिवसाचं फळवाटप. या शेवटच्या प्रकाराचं आमच्या भागात इतकं काम असतं म्हणून सांगू! पुढाऱ्याचा वाढदिवस आला की वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांच्या हातात केळं गेलंच पाहिजे आणि ते जाताना फोटोत दिसलंच पाहिजे. तिथल्या एका आजोबांना केळं घेताना मी इतक्यांदा टिपलंय की मला बघितलं की ते आपोआप हात पुढे करायचे. बाई दारातूनच विचारायच्या, "काय रं भाऊ, आज कोन वाढला?"

माणूस चादरीत घालून उचलायचा म्हणजे काय, हे तुम्ही कधी करून बघितलंय का? म्हातारं माणूस पलंगावर दिसतं मूठभर, पण चादर उचलली की सगळं वजन मधोमध उतरतं आणि टोकं बोटांतून सुटायला लागतात. एकदा कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून एक पुढारी आले. बाईंनी त्यांना एका आजींच्या डोक्याकडचं टोक दिलं, बाकीची तीन टोकं त्यांच्या कार्यकर्त्यांना. हॉलच्या शेवटच्या पलंगापासून दारापर्यंत, दारातून अंगणात आणि अंगणातल्या बदामाच्या झाडाखाली, अशी वाट. अर्ध्या वाटेवर एकाचा मोबाइल वाजला. त्यानं चादर एका हातात घेतली आणि आजी कलंडल्या. बाईंनी खालून हात घातला म्हणून बरं. झाडाखाली पोचेपर्यंत साहेबांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"ही एक झाली," बाई म्हणाल्या. "आत अशा लय हायत. आता उजेड हाय, तुमी चौघं तरणे हाय. रातच्याला हितं दोनच बायका असतात, साहेब. एक मी, एक ही कमल. धूर झाला तर आमी कुनाकुनाला उचलू, तेवढं सांगा."

मग केळी वाटली. निघताना साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "ते चादरीचे फोटो नको पाठवूस रे." मी मान डोलावली. ते फोटो मात्र चांगले आले होते.

आता ही जागा कशी होती ते सांगतो. साजगावच्या पुढे कारखान्यांच्या रांगेत एक कारखाना बऱ्याच वर्षांपासून बंद आहे. त्याचं कॅन्टीन सरकारच्या ताब्यात आलं आणि तिथे हा वृद्धाश्रम निघाला. पाटी वृद्धाश्रमाची, पण आतली बहुतेक माणसं अंथरुणाला खिळलेली. कुणाचा कंबरेखालचा भाग गेलेला, कुणाची आठवण सरलेली, कुणाला घरचे सोडून गेले ते गेलेच. इमारत सरकारची, चालवायला एक संस्था, थोडं अनुदान सरकारचं आणि केळी लोकांची. बाई तिथल्या अधीक्षिका.

कॅन्टीनला दार एकच. कामगार जेवून बाहेर पडताना झडती घेणं सोपं जावं म्हणून त्या काळी मुद्दाम तसं बांधलं होतं म्हणे. खिडक्यांना बोटाएवढे जाड गज, तेही त्याच कारणासाठी. ताटं-चमचे बाहेर जाऊ नयेत म्हणून केलेला बंदोबस्त, आणि आता आत ही माणसं. वर सिमेंटचे पत्रे. वारा फिरला की कुठल्यातरी कारखान्याचा आंबूस वास आत यायचा आणि बोलणारी माणसं एकाएकी गप्प व्हायची.

त्या एकुलत्या एका दाराच्या वर मीटरचं बोर्ड होतं. त्यातून चर्र असा बारीक आवाज यायचा. बोर्डाच्या वरच्या भिंतीवर एक काळा डाग होता. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तो तळहाताएवढा असेल. माझ्याकडचे जुने फोटो ओळीनं लावले तर पाहुणे बदलत जातात, केळी तीच राहतात आणि डाग मोठा होत जातो. वायरमन यायचा, फ्यूज बदलायचा आणि "लोड जास्त झालाय बाई, सगळी वायरिंग काढायला पाहिजे," म्हणून निघून जायचा. वायरिंगसाठी बाईंचा अर्ज गेलेला होता.

बाई मूळच्या कर्जतकडच्या, डोंगराखालच्या एका गावातल्या. बौद्धवाड्यातून नर्सिंगला गेलेली पहिली मुलगी. भेटल्यावर ठणठणीत आवाजात "जय भीम" म्हणायच्या. सरकारी नर्सची सगळी नोकरी डोंगरातल्या वाड्यांवर झाली. रस्ता नाही, गाडी नाही, अडलेल्या बाईला चादरीच्या झोळीत घालून खाली आणायचं, हेच त्यांचं आयुष्य. स्ट्रेचरवर त्यांचा बिलकूल विश्वास नव्हता. "स्ट्रेचर वळनावर वळत नाय रं. चादर वळते." रिटायर झाल्यावर घरी बसवेना म्हणून इथे आल्या. आल्या दिवशी त्यांनी म्हणे पहिल्यांदा हॉलभर फिरून विचारलं, "दुसरं दार कुठं हाय?" लोकांना वाटलं, बाई नवीन आहेत.

दुसरं दार नव्हतंच, म्हणून बाईंनी ते काढलं. खरंच काढलं, गेरूनं. हॉलच्या मागच्या भिंतीवर, जिथे दार पाहिजे होतं तिथे, दोरी लावून सरळ रेघा मारल्या. चौकट, उंबरठा, सगळं. पलंग आडवा न करता बाहेर जाईल इतकं रुंद. दरवर्षी भिंतींना चुना लागला की ते दार पुसलं जायचं आणि चुना वाळला की बाई पुन्हा गेरूचा वाडगा घेऊन बसायच्या. कमलनं एकदा तिथल्या खिळ्याला कॅलेंडर लटकवलं. कमल म्हणजे मोहोपाड्याची, नवरा गेल्यावर इथे कामाला लागलेली, बाईंचा उजवा हात. पण त्या दिवशी तिची चांगली हजेरी घेतली गेली. "दारावर कुनी कॅलेंडर लावतं का गं? उघडताना आडवं येईल."

दारासमोर पलंगही ठेवायचा नाही. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, पलंगाला पलंग लागलेला, पण त्या रेघांसमोरचा तुकडा कायम मोकळा. तपासणीला आलेल्या एका अधिकाऱ्यानं तो बघितला आणि म्हणाला, "इथे दोन पलंग बसतील की हो."

"बसतील, पन दार हाय ना साहेब."

त्यानं भिंतीकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, माझ्याकडेही बघितलं. मी कॅमेऱ्याची लेन्स पुसायला लागलो. दुसरं काय करणार?

त्या दाराला खरं दार समजणारा मात्र एक माणूस तिथे होता. कोंडाण्याकडचे आप्पा. शेतकरी माणूस, पायांत अजून ताकद होती, पण डोक्यातून सगळं निघून गेलेलं. मुलाचं नाव आठवत नव्हतं, जेवलो का ते आठवत नव्हतं. दिवस कलायला लागला की उठायचे, त्या मोकळ्या जागेत जाऊन गेरूच्या रेघांच्या बरोबर मधे उभे राहायचे आणि मुठीनं भिंत ठोकायचे. "दार उघड गं! गुरं भायेर उभी हायत."

हॉलमधली बाकीची माणसं तेव्हा मान वळवून तिकडे बघायची. ज्यांना मान वळवता येत नव्हती, ती नुसती ऐकायची. मला तो आवाज आवडायचा नाही. एकदा ऐकला की खोपोलीला घरी येईपर्यंत कानात राहायचा. पण बाईंनी आप्पांना कधी सांगितलं नाही की ही भिंत आहे. त्या जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवायच्या. "आप्पा, थोडं थांबा. कडी अजून यायची हाय." मग आप्पा समजल्यासारखे परत फिरायचे.

तुम्ही म्हणाल, एवढं होतं तर गवंडी बोलावून भिंत फोडायची होती. मीही म्हणालो होतो. बाईंनी गवंडी बोलावलाही होता. त्यानं पहिला घाव घालायच्या आधीच संस्थेचे लोक धावत आले. सरकारी इमारत, विनापरवाना हात लावला तर संस्थेचं काम जाईल आणि माणसं रस्त्यावर येतील. मग एक दानशूर गृहस्थ पुढे आले. वडिलांच्या नावानं दार करून देतो म्हणाले, वर संगमरवरी पाटी लावा. पाटीलाही बाई तयार झाल्या. पण परवानगी येईना. गृहस्थांनी वर्षभर वाट पाहिली आणि शेवटी वडिलांच्या नावानं पाण्याचा कूलर दिला. आणखी एकानं आंघोळीच्या पाण्यासाठी गिझर दिले. सगळे त्याच जुन्या वायरींवर.

बाईंना दानाचा राग नव्हता, पण भरवसाही नव्हता. केळ्याचं सालपट काढून एखाद्या आजीला भरवता भरवता त्या बोलायच्या. "वाढदिवसाला केळं येतं, भाऊ. रातपाळीच्या बाईचा पगार वाढदिवसाला येतो का? तो दर महिन्याला लागतो. दवाखान्याला दार कोन दान देतं? शाळेला जिना कोन दान देतं? ते सरकार बांधतं. मंग ह्यांनी काय पाप केलं? आयुष्यभर ह्यांनीच तर रस्ते बांधले, कारखाने चालवले. हक्काचं दार पायजे रं, दयेचं नको. दया आटली का ते बंद होतं." त्यांचं मागणं चारच ओळींचं होतं: दुसरं दार, त्याला उतरण, नवी वायरिंग आणि रात्रीला पुरेशी माणसं. त्यासाठी त्या खालापूरला तहसिलात जायच्या, अलिबागला जायच्या, आमदार सभेला आले की स्टेजच्या पायरीशी उभ्या राहायच्या. त्यांना लांबून बघितलं की कार्यकर्ते म्हणायचे, "आल्या चादरवाल्या बाई."

अलिबागला एकदा मी त्यांना माझ्या गाडीतून घेऊन गेलो. फोटोंचा अल्बम बरोबर होता. जिल्हा कचेरीतला साहेब भला माणूस होता, देहानं भारी, गुडघ्यांनी बेजार. अल्बम त्यांनी मन लावून बघितला. बघून झाल्यावर बाईंनी पिशवीतून चादर काढली आणि केबिनच्या फरशीवर अंथरली.

"अहो बाई, हे काय?"

"साहेब, तुमी झोपा. आमी उचलतो."

"माझे गुडघे धड नाहीत हो."

"म्हनूनच म्हनते."

शिपायाला हसू आवरेना. आणि काय सांगू, साहेब खरंच झोपले! जेवणानंतरची वेळ होती म्हणून असेल, किंवा बाईंना नाही म्हणणं अवघड जायचं म्हणून असेल. एका टोकाला शिपाई, एकाला क्लार्क, एकाला मी, एकाला बाई. उचललं. दारापर्यंत गेलो आणि अडकलो. दाराबाहेर फायलींचं कपाट पुढे आलेलं होतं, साहेबांचा खांदा चौकटीत आणि पाय कपाटाला. मागे जाता येईना, पुढे जाता येईना. साहेब वर छताकडे बघत होते. आधी हसत होते, मग हसणं थांबलं. "ठेवा, खाली ठेवा," ते म्हणाले. तो आवाज वेगळाच होता. खाली ठेवल्यावर ते फरशीवरच उठून बसले.

मग त्यांनी खरं काय ते सांगितलं. "बाई, तुम्हाला फसवत नाही. आहाराला अनुदान आहे, कपड्यांना आहे, औषधांना आहे. इमारतीला फक्त दुरुस्तीचं आहे. आणि दुरुस्ती म्हणजे जे मोडलंय ते नीट करणं. नव्या दाराला हेडच नाही, म्हणजे तो खर्च टाकायला खातंच नाही. वर लिहून बघतो."

परतताना पेणला चहाला थांबलो. बाई बशीतला चहा फुंकत होत्या. मग म्हणाल्या, "भाऊ, मंजी आधी मोडायला पायजे."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

ते थंडीचे दिवस होते. एका कारखानदाराचा वाढदिवस होता, म्हणून मी सकाळीच निघालो होतो. आश्रमाच्या वळणावर आलो तेव्हा दारातून काळा धूर निघत होता. थंडी म्हणून सगळे गिझर एकदम लागले होते आणि दारावरचं बोर्ड पेटलं होतं. जळकं प्लॅस्टिक थेंबाथेंबानं उंबरठ्यावर गळत होतं. कूलर दाराला लागूनच होता, तोही पेटला. त्या दारातून चादर घेऊन बाहेर येणं शक्यच नव्हतं. आत माणसं, आत कमल, आत बाई.

समोरच्या फाट्यावर रात्रपाळी सुटलेले कामगार गाडीची वाट बघत उभे होते. ते धावले. शेजारच्या गॅरेजमधून कुणी पहारी आणल्या, कुणी घण. सगळे इमारतीच्या मागे पळालो आणि तिथे थबकलो. लांबच लांब विटांची भिंत, बाहेरून सगळीकडे सारखीच. गेरू आतल्या बाजूला होता. घाव कुठे घालायचा? पलीकडे पलंग असला तर? वरून विटा कुणाच्या अंगावर पडल्या तर?

तेवढ्यात भिंतीतून आवाज आला. कुणीतरी आतून मुठीनं ठोकत होतं.

"दार उघड गं! गुरं भायेर उभी हायत!"

"आप्पा हायत!" एक कामगार ओरडला. "त्यांच्या दारावर हायत!" म्हणजे त्यालाही ते दार माहीत होतं. तोही कधीतरी केळी घेऊन आला असणार. त्यानं आवाजाच्या जागेवर हात ठेवला आणि आतून बाईंचा आवाज आला, "आप्पांना बाजूला घेतलंय! मारा!"

भिंत पडली तेव्हा आधी धूर बाहेर आला आणि मग आप्पा. चालत, कसलीही घाई न करता. बाहेरच्या गवतात उभे राहून ते इकडेतिकडे बघत होते, गुरं कुठे दिसतात का म्हणून. त्यांच्या मागून चादरी यायला लागल्या. आणि त्या कामगारांना काही सांगावं लागलं नाही. चार टोकं, चार माणसं, डोकं पुढे, हात आतल्या बाजूला वळवलेले. एकेकदा तरी बाईंनी त्यांना टोक धरायला लावलं होतं. मीही कॅमेरा गवतात टाकून एक टोक धरलं. माझ्या चादरीत ते केळीवाले आजोबा होते. मला बघून त्यांनी हात पुढे केला.

शेवटची चादर बाहेर आली आणि बाई पुन्हा आत वळल्या. कमलनं पदर धरला तर म्हणाल्या, "पलंगाखाली बघून येते गं." आठवण सरलेली माणसं भ्याली की पलंगाखाली जाऊन बसतात, हे त्यांना माहीत होतं. आणि होतीच एक म्हातारी, कोपऱ्यात, गुडघ्यांत तोंड घालून. तिला ढकलत ढकलत बाई बाहेर घेऊन आल्या. स्वतःच्या पायांनी आल्या. गवतात बसल्या, पाणी प्यायल्या, काळ्या तोंडानं माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काय रं भाऊ, फोटो काढलास का नाय?"

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, सुदैवाने जीवितहानी टळली.

बाईंना रात्रीच खोकला सुरू झाला होता. पनवेलच्या हॉस्पिटलात नेलं. धूर छातीत बसला होता. मी भेटायला गेलो तर त्यांनी तोंडावरचा ऑक्सिजन बाजूला केला, नर्स रागावली तरी. "आप्पा कसे बाहेर पडले, बघितलंस?" म्हणाल्या आणि हसता हसता खोकत राहिल्या. मग विचारलं, "भोक हाय ना अजून?"

"आहे बाई. ताडपत्री लावलीय."

"मोडलं ना एकदाचं. आता दुरुस्तीत बसतंय ते." त्यांनी माझा हात धरला. नर्सच्या नोकरीत घट्ट झालेली ती बोटं तेव्हा अगदी सैल होती. "साहेबांना सांग, चौकट रुंद ठेवा म्हनावं. पलंग गेला पायजे."

मी बाहेर येऊन लगेच अलिबागला फोन लावला. त्या साहेबांची बदली झाली होती. नवे साहेब म्हणाले, फाइल बघतो.

त्याच आठवड्यात बाई गेल्या. गावाला नेलं तेव्हा खांदा द्यायला इतकी माणसं आली होती की मला जागा मिळाली नाही. साजगावचे कामगार होते, गॅरेजवाले होते, ते पांढऱ्या शर्टवालेही होते. कागदोपत्री मात्र त्या आगीत कुणीच गेलं नाही. बाई नंतर गेल्या, हॉस्पिटलात गेल्या, त्यांच्या कागदावर फुप्फुसाचा आजार आहे. मला याचा राग येतो, आणि तो मी लपवत नाही. त्यांनी माणसं चादरीत घालून उचलायला शिकवलं नसतं आणि पाच-दहा म्हातारी आत राहिली असती, तर आज कदाचित दाराला हेड सापडलं असतं.

दुरुस्तीचे पैसे मात्र चटकन आले. इतक्या चटकन सरकारी काम झालेलं मी तरी पाहिलं नव्हतं. ठेकेदार आला, मोजमापं घेतली. कमलनं त्याला भगदाडाजवळ नेऊन सांगितलं, इथे दार करायचंय, पलंग जाईल एवढं. त्यानं नकाशा उघडून दाखवला. जुन्या नकाशात तिथे दार नाही, भिंत आहे. भिंत मोडली आहे, तर भिंत नीट करायची. त्याचं काही चुकत होतं असंही म्हणता येत नाही. काम पक्कं केलं त्यानं. आत सळ्या घालून भिंत पहिल्यापेक्षा मजबूत केली, वर गुळगुळीत गिलावा, त्यावर फिका पिवळा ऑइलपेंट. बाई शेवटपर्यंत समजत होत्या की मोडलं की दार होईल. पुन्हा भिंतच झाली, हे मला त्यांना सांगावं लागलं नाही, एवढंच.

उद्घाटनाला मला बोलावलं होतं. दार तेच, एकच. त्याच्या वर त्याच जागी नवं बोर्ड, चकचकीत. नवे गिझर कुणीतरी दिले होते, त्याखेरीज भिंतीवर दोन मोठे पंखे. बोर्डाखाली उभं राहून कान दिला तर आवाज येत होता, अगदी बारीक. रिबन कापली, भाषणं झाली. रात्रीला माणसं वाढवायचा विषय विचाराधीन आहे असं कळलं. मग केळी वाटली. चादरीचं टोक कुणी कुणाच्या हातात दिलं नाही.

पाहुणे गेल्यावर मी थोडा मागे थांबलो. मागच्या भिंतीसमोर आता मोकळी जागा उरली नव्हती; दुरुस्तीनंतर सगळे पलंग नव्यानं लावले होते, त्यात दोनाची भर पडली होती, दोन नवी माणसं दाखल झाली होती. कमल तिथे उभी होती. तिच्या हातात वाडगा होता, त्यात भिजवलेला गेरू. ती भिंतीवरून तळहात फिरवत होती, पुन्हा पुन्हा. रंगाखाली काहीच लागत नव्हतं. कुठे जोड नाही, कुठे खूण नाही.

"भाऊ, कुठं होतं वो ते?" तिनं विचारलं. "मला नक्की जागाच सापडंना."

मलाही सांगता येईना. मी फोटो काढणारा माणूस, त्या भिंतीकडे वर्षानुवर्षं बघत आलेला, आणि मला चार हात इकडे की तिकडे ते सांगता येईना.

दिवस कलला. आप्पा पलंगावरून उठले. रोजच्यासारखे चालत आले, नवे पलंग बघून क्षणभर थांबले, मग अंग चोरून दोन पलंगांच्या मधून आत शिरले. भिंतीसमोर उभे राहिले आणि मूठ उचलून ठोकायला लागले. "दार उघड गं! गुरं भायेर उभी हायत." पक्की भिंत, आवाज पूर्वीसारखा घुमलाही नाही.

कमलनं एक पलंग कडेला सारला. आप्पांच्या मागे जाऊन उभी राहिली, बोटं गेरूत बुडवली आणि त्यांच्या एका खांद्यापासून बरंच अंतर सोडून खालून वर रेघ ओढायला सुरुवात केली. वर गेली, आप्पांच्या डोक्यावरून आडवी आली, दुसऱ्या बाजूनं खाली उतरली. गेरू ऑइलपेंटवर धरत नव्हता, ओघळत होता. तिनं पुन्हा बोटं बुडवली. आप्पा ठोकत होते.

"आप्पा, थोडं थांबा," ती म्हणाली. "कडी अजून यायची हाय."